यूडायस प्लस: ड्रॉपबॉक्समध्ये अडकलेली मुले, निरीक्षणगृहातला विद्यार्थी आणि शाळाबाह्याचा एक्सेल, नोंद नेमकी कुठे, कशी?

माध्यमिक_लिपिक (प्रश्न)

इयत्ता ८ वी ते १० वी, अनुदानित शाळा. यूडायस प्लसवर (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीचे केंद्र सरकारचे पोर्टल) प्रोग्रेशन, म्हणजे मागच्या वर्षीच्या प्रत्येक मुलाची पुढची स्थिती, भरून झाले आहे, पण फायनल करायचे मुद्दाम थांबवले आहे. खालील मुलांची नोंद कशी करावी यावर शाळेत एकमत होत नाही.

१) ड्रॉपबॉक्समध्ये ११ मुले दिसतात. ७ जण रीतसर दाखला घेऊन गेले, पण नवीन शाळेने त्यांना अजून घेतलेले नाही. ४ जण दाखला न नेताच गेले. मागच्या हंगामात आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले ते जूनमध्ये परत आलेच नाहीत.

२) नववीतला एक मुलगा ऑगस्टपासून गैरहजर आहे. बाल न्याय मंडळाच्या आदेशाने तो निरीक्षणगृहात असल्याचे जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे पत्र आले आहे. सलग गैरहजेरीमुळे त्याचे नाव कमी करावे असे वर्गशिक्षकांचे म्हणणे आहे.

३) बाल कल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात असलेल्या दोन मुली आठवीत दाखल झाल्या. दोघींचाही आधीच्या शाळेचा दाखला नाही आणि एकीचे आधार नाही.

४) शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमेत सापडलेला एक मुलगा वयानुरूप आठवीत बसवला आहे.

गटाकडून (तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाकडून) शाळाबाह्य मुलांचा एक्सेल आला आहे. त्यात नाव, गाव, वय आणि 'शाळाबाह्य असण्याचे कारण' असे रकाने आहेत. भरून केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या समूहाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आहे. क्र. २ च्या मुलाचे त्यात काय लिहायचे?

---

गट_एमआयएस

फायनल केले नाही ते फार बरे झाले. फायनल झाल्यावर दुरुस्तीसाठी गटस्तरावर यावे लागते. तोपर्यंत प्रोग्रेशनमधली नोंद शाळेच्याच लॉगिनवरून बदलता येते.

आधी ड्रॉपबॉक्सचे बघू. मुलगा ड्रॉपबॉक्समध्ये आहे याचा अर्थ एवढाच की जुन्या शाळेने त्याला सोडले आहे आणि कोणत्याही नवीन शाळेने अजून घेतलेले नाही. तो गळालाच असे त्यातून सिद्ध होत नाही. पण पुढच्या वर्षीच्या पटात त्याचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक) देशात कुठेच दिसला नाही, तर गळतीच्या हिशोबात तो धरला जातो.

हिशोब असा. समजा, मागच्या वर्षी आठवीत १४० मुले होती. त्यांतली १२८ नववीत गेली, ३ आठवीतच राहिली. उरली ९, म्हणजे ६.४ टक्के गळती. त्या ९ पैकी ६ जण दुसऱ्या शाळेत शिकत आहेत, फक्त त्या शाळेने त्यांना ओढून घेतलेले नाही. घेतले की उरतात ३, म्हणजे २.१ टक्के. मुले तीच, फरक पडला तो एका क्लिकने. माध्यमिक स्तरावर देशाची गळती २०२३-२४ मध्ये १०.९ टक्के होती, २०२४-२५ मध्ये ती ८.२ टक्के आली. अशा आकड्यांत खरी गळती किती आणि न ओढलेली मुले किती, हे शाळांनी ड्रॉपबॉक्स रिकामे केल्याशिवाय वेगळे काढता येत नाही.

तुमच्या ७ जणांसाठी असे करा:

- दाखल्याच्या स्थळप्रतीवरून मूल कुठे गेले ते काढा. नवीन शाळेचा ११ अंकी यूडायस कोड मिळवा. महाराष्ट्रातली शाळा असेल तर तो २७ ने सुरू होतो.
- त्या शाळेला प्रत्येक मुलाचा पेन क्रमांक आणि तुमच्या पोर्टलवर आहे तशीच जन्मतारीख लेखी कळवा. इम्पोर्ट करताना हे दोन्ही तंतोतंत जुळावे लागते. जनरल रजिस्टरला ०१/०६ आणि पोर्टलवर ०६/०१ असा दिवस-महिना उलटा पडल्यामुळे अडकलेली मुले खूप असतात. "पेन टाकला तरी मूल सापडत नाही" अशी तक्रार आली की आधी तारीख बघा.
- नवीन शाळेकडे पेन नसेल पण मुलाचे आधार असेल, तर पेन आणि जन्मतारीख शोधण्याची सोय त्यांच्या लॉगिनला आहे. परराज्यातल्या शाळेलाही याच पेनवर मूल घेता येते.
- नवीन शाळेने घाईत नवीन विद्यार्थी म्हणून नोंद करू नये, हे स्पष्ट सांगा. तसे केले की एका मुलाचे दोन पेन होतात. जुना कायमचा ड्रॉपबॉक्समध्ये पडून राहतो, तुमच्याकडे गळती दिसते आणि पुढे अपार आयडी (विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंदींसाठीची डिजिटल ओळख) काढताना पुन्हा घोळ होतो.

यापुढे दाखल्यावर पेन क्रमांक ठळक लिहून द्या. निम्मे काम तिथेच होते.

आपल्याकडे हा प्रश्न ठरावीक टप्प्यांवर उगवतो. शाळा चौथीपर्यंत असेल तर पाचवीला, सातवीपर्यंत असेल तर आठवीला, आणि दहावीनंतर अकरावीला. त्या वर्षी अख्खा वर्ग ड्रॉपबॉक्समध्ये जातो आणि पुढच्या शाळेने एकेक करून उचलायचा असतो. दहावीनंतर आयटीआयला गेलेली मुले तर शिकत असूनही शाळांच्या पटात दिसत नाहीत. त्यांची यादी आणि प्रवेशाचा पुरावा स्वतंत्र फाइलला ठेवा, पडताळणीत उपयोगी पडतो.

---

बालरक्षक_मराठवाडा

दाखला न नेता गेलेल्या ४ जणांविषयी.

प्रोग्रेशनमध्ये त्यांना 'दाखल्याविना शाळा सोडली' हाच पर्याय द्यावा लागेल, कारण ते खरे आहे. पण त्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या. यूडायसचा संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे ३० सप्टेंबरला मूल वर्गात बसलेले असते, पट पूर्ण दिसतो, आणि दीड महिन्यात बाक रिकामा होतो. मूल गेल्याचे पोर्टलला कळते ते थेट पुढच्या वर्षीच्या प्रोग्रेशनला. तोवर सात-आठ महिने निघून गेलेले असतात. त्यामुळे पोर्टलची वाट न बघता हजेरीपटावर नजर ठेवावी लागते.

राज्याच्या सर्वेक्षणात सलग एक महिन्यापेक्षा जास्त काळ गैरहजर असलेले ६ ते १४ वयोगटातले मूल शाळाबाह्य धरतात. केंद्र सरकारच्या व्याख्येत पूर्वसूचनेशिवाय ४५ दिवस गैरहजेरी आहे. दोन तक्त्यांतले आकडे जुळत नाहीत त्यामागे अनेकदा हेच असते. कोणता तक्ता कोणत्या व्याख्येवर भरला, ते वरच्या ओळीत लिहून ठेवत जा.

काम ३० दिवस भरायच्या आधी सुरू व्हायला हवे. हजेरीपटाच्या एका ओळीत सलग सात 'गै' दिसले की वर्गशिक्षकाने घरी जावे. कुटुंब निघणार असेल तर मूल गावातच हंगामी वसतिगृहात राहू शकते का ते आधी बघायचे. बरोबर जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड द्यायचे. ते कार्ड दाखवून मूल कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत दाखल्याविना बसते. कार्ड देताना मुकादमाचे नाव, कारखान्याचा तालुका आणि चालू असलेला एक मोबाइल क्रमांक जनरल रजिस्टरच्या शेजारी वेगळ्या वहीत टिपा. आईवडिलांचा क्रमांक हंगामात बहुधा बंद असतो, मुकादमाचा लागतो.

आणि कायद्याची बाजू: आठवीपर्यंत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम ५ नुसार नवीन शाळेला दाखल्याअभावी प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही, आणि दाखला द्यायला उशीर करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. शुल्क बाकी आहे, पुस्तके परत आली नाहीत म्हणून दाखला अडवून ठेवणे हेही गळतीचे एक कारण आहे. ते कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

---

विषयतज्ज्ञ_७

क्र. २ चा मुलगा शाळेत येतच नाही. त्यालाही 'दाखल्याविना सोडली' करून मोकळे व्हावे. सुटला की परत ड्रॉपबॉक्समधून घेता येईल. पटावर ठेवला आणि पडताळणीत सापडला तर बोगस पट म्हणून मुख्याध्यापक अडचणीत येतील.

---

परिविक्षा_विभाग

विषयतज्ज्ञ सर, पडताळणीची भीती समजते, पण हा सल्ला पाळू नये. यात नुकसान मुलाचे आहे आणि नियमातही बसत नाही.

निरीक्षणगृह ही चौकशी सुरू असतानाची तात्पुरती जागा आहे. किशोर न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १४ प्रमाणे मंडळाने पहिल्यांदा हजर केल्यापासून ४ महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते, आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त २ महिने वाढ देता येते. त्यात कलम १२ प्रमाणे जामिनावर सुटून मूल काही आठवड्यांत घरी येऊ शकते. शाळेने नाव कमी केले असेल तर ते परत येते तेव्हा त्याच्याकडे शाळा नसते. मूल शिक्षणातून कायमचे सुटते ते बहुतेक याच टप्प्यावर, संस्थेत असताना नव्हे.

आरटीईच्या कलम १६ ने शाळेतून काढून टाकण्यास असलेली मनाई प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंतची, म्हणजे आठवीपर्यंतची आहे. तुमचा विद्यार्थी नववीत आहे, म्हणून त्याचा आधार वेगळा. किशोर न्याय अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये संस्थेतल्या मुलाच्या पुनर्वसनात शिक्षण येते, आणि कलम ३ मध्ये गोपनीयता आणि नव्याने सुरुवात ही दोन्ही तत्त्वे आहेत. मूल राज्याच्याच देखरेखीखाली असताना ते विनापरवानगी गैरहजर आहे असे म्हणता येत नाही.

आता प्रत्यक्ष नोंदी.

हजेरीपट: जे खरे आहे ते लिहा. तो वर्गात नाही, तर 'गै'च येईल. खोटी हजेरी लावू नका. शेऱ्याच्या जागी फक्त 'आवक क्र. अमुक, दिनांक अमुक' एवढेच. निरीक्षणगृह, मंडळ, पोलीस यांतला एकही शब्द हजेरीपटावर नको. तो पट वर्गाच्या टेबलावर उघडा पडलेला असतो.

आवक रजिस्टर: हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पत्र आले की लिपिक सवयीने विषयाच्या रकान्यात सगळे लिहून टाकतो: मुलाचे नाव, संस्था, गुन्हा क्रमांक. तिथे 'विद्यार्थीविषयक गोपनीय पत्र' एवढेच लिहा. मूळ पत्र पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. विषय आधीच लिहिला गेला असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून ते रजिस्टरही कुलपात ठेवायची व्यवस्था करा.

यूडायस: पटावर कायम, स्थिती 'त्याच शाळेत शिकत आहे'. पत्ता आणि पालकाचे नाव आहे तेच राहू द्या. संस्थेचा पत्ता टाकू नका. पुढच्या प्रोग्रेशनला हजर दिवस तुमच्या हजेरीपटावरचेच लिहा, निकाल परीक्षेप्रमाणे.

पडताळणी: पथक आले तर मुख्याध्यापकांनी पथकप्रमुखाला एकट्याला ते पत्र दाखवावे. पत्रात मूल संस्थेत दाखल असल्याची तारीख असते, तेवढा खुलासा पुरतो. वर्गात सगळ्यांसमोर "हा कुठे आहे?" याचे उत्तर कोणीही देऊ नये.

अभ्यास: पाठ्यपुस्तकांचा संच, घटक चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका आणि कुठपर्यंत शिकवून झाले याचे एक पान बाल संरक्षण कक्षामार्फत संस्थेच्या अधीक्षकांकडे पाठवा. सोडवलेल्या उत्तरपत्रिका परत मागवून तपासा. वार्षिक परीक्षेपर्यंत तो आत असेल तर परीक्षा तिथे घेण्याची परवानगी मागा. दहावीचा विद्यार्थी असता तर उपस्थितीच्या अटीसाठी विभागीय मंडळाशी फार आधी पत्रव्यवहार करावा लागला असता, आणि ते न जमल्यास १७ नंबरचा अर्ज (खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा) हा मार्ग होता.

चौकशीअंती मंडळाने विशेष गृहात पाठवले, जे जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी असू शकते, तर मात्र शाळा बदलावी लागेल. संस्थेला जोडलेल्या शाळेला यूडायस कोड असेल तर तिला पेन द्या आणि 'दाखल्यासह सोडली' करा. कोड नसेल तर मुलाची नोंद कोणत्या मान्यताप्राप्त शाळेत राहील हे बाल संरक्षण कक्ष आणि गटशिक्षणाधिकारी यांनी लेखी ठरवल्याशिवाय पटावरून कमी करू नका.

त्या वेळी दाखला लिहिताना दोन रकाने जपा. 'शाळा सोडण्याचे कारण' इथे 'पुढील शिक्षणासाठी'. 'वर्तणूक' इथे 'चांगली'. या रकान्यात शाळेतली वर्तणूक लिहायची असते, मंडळापुढच्या प्रकरणाचा तिच्याशी संबंध नाही. रागाने किंवा भीतीने लिहिलेले 'साधारण' त्या कागदावर आयुष्यभर राहते. दहा वर्षांनी नोकरीच्या कागदपत्रांत तोच दाखला पुढे येतो. कायद्याने त्याची प्रकरणाची कागदपत्रे नष्ट होण्याची तरतूद कलम २४ मध्ये केली आहे, आणि शाळेच्या दाखल्यावर मात्र डाग तसाच. हे होऊ देऊ नका.

---

केंद्रप्रमुख_ग्रामीण

एक्सेलबद्दल. तो ग्रुपवर टाकू नका, क्र. २ चा मुलगा त्यात असो वा नसो.

किशोर न्याय अधिनियमाच्या कलम ७४ मध्ये मुलाची ओळख उघड करायला वर्तमानपत्रापासून 'संपर्काच्या अन्य कोणत्याही साधनापर्यंत' मनाई आहे, आणि ती फक्त नावापुरती नाही. पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील त्यात येतो. विधिसंघर्षग्रस्त बालक (गुन्हा केल्याचा आरोप असलेले किंवा तसे ठरलेले मूल) आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक, दोघांनाही ते लागू आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केंद्राच्या ग्रुपवर पंचवीस-तीस मुख्याध्यापक असतात, शिवाय फाइल पुढे कुठे जाईल यावर कोणाचा ताबा नाही.

तो मुलगा या तक्त्यात बसतच नाही. तक्ता ६ ते १४ चा, शाळेत न जाणाऱ्यांचा. हा पटावर आहे आणि कुठे आहे हे शासनाला माहीत आहे. त्याची ओळ काढून टाका.

बाकीच्यांसाठी ग्रुपवर फक्त आकडे द्या: मुले, मुली, वयोगट. नावांची यादी गटसाधन केंद्रात हाती किंवा कार्यालयीन ईमेलवर, पासवर्ड लावून. आकड्यांतही एक काळजी घ्या. गावनिहाय तक्त्यात 'बालगृहातील: १' असा रकाना असला की नाव लिहायची गरजच उरत नाही, गावाला कळते. असे एक-दोन मुलांचे आकडे गावाऐवजी तालुक्याच्या बेरजेत दाखवा. गटाकडून आग्रह झाला तर मुख्याध्यापकांनी कलमाचा उल्लेख करून दोन ओळींचे पत्र द्यावे. बहुतेक वेळा तक्ता बनवणाऱ्याने याचा विचारच केलेला नसतो, सांगितल्यावर रकाना काढतात.

---

माध्यमिक_लिपिक

सविस्तर उत्तरांसाठी सगळ्यांचे आभार. ७ पैकी ५ मुलांच्या शाळांचे कोड स्थळप्रतीवरून मिळाले. एका मुलीच्या बाबतीत नवीन शाळा म्हणते की ती अजून जुन्या शाळेच्या पटावर चालू दिसते, पण आमच्याकडे ती ड्रॉपबॉक्समध्ये आहे. हे कसे? आणि क्र. ३, ४ राहिले.

---

गट_एमआयएस

त्या मुलीचे दोन पेन असणार. आठवीला तुमच्याकडे येताना तुमच्या शाळेने तिला नवीन म्हणून नोंदवले असेल, आणि तिच्या प्राथमिक शाळेने सोडलेच नसेल. नवीन शाळेला दिसते ती प्राथमिक शाळेतली नोंद. दोन्ही पेन, दोन्ही जन्मतारखा आणि जनरल रजिस्टरचा उतारा घेऊन गटसाधन केंद्रात या, कोणता ठेवायचा ते तिथे ठरेल. नोंद एकच असती आणि खरोखर दुसऱ्या शाळेत चालू असती, तर नवीन शाळेने पोर्टलवरूनच मुक्त करण्याची विनंती पाठवली असती. इथे आधी दुबार नोंद मिटवावी लागेल.

क्र. ३ च्या मुली: ज्या मुलीचे आधार आहे तिचा पेन आधारवरून शोधा. दुसरीसाठी बालगृहाच्या अधीक्षकांना तिची आधीची शाळा विचारा, गाव कळले तरी चालेल. त्या शाळेच्या ड्रॉपबॉक्समध्ये ती सापडण्याची शक्यता बरीच असते. काहीच सापडले नाही तरच नवीन नोंद. पहिलीच्या वरच्या वर्गातली नवीन नोंद गटाच्या मान्यतेला येते, म्हणून समितीच्या आदेशाची प्रत बरोबर घेऊन या. आधार नसल्यास त्या रकान्यात बारा वेळा ९ टाकतात. अंदाजाने किंवा दुसऱ्या मुलाचा क्रमांक टाकून वेळ मारून नेऊ नका, तो खरा मालक दाखल होतो त्या दिवशी अडतो.

वयाच्या पुराव्यासाठी आठवीपर्यंत प्रवेश अडत नाही, आरटीई कलम १४. समितीने आदेशात नोंदवलेले वय घ्या. आईवडिलांची नावे आदेशात असतील तीच. नसतील तर कल्पनेने भरू नका, पालक म्हणून अधीक्षकांचे नाव आणि संस्थेचा क्रमांक द्या.

---

बालरक्षक_मराठवाडा

क्र. ४: या मुलाचा 'शाळाबाह्य म्हणून ओळखले गेले का' हा रकाना 'होय', आणि मागील वर्षाची स्थिती 'शिकत नव्हता'. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट आली पाहिजे. एकीकडे शाळाबाह्य आणि दुसरीकडे 'दुसऱ्या शाळेत शिकत होता' अशी विसंगती प्रबंध पोर्टलवरच्या (समग्र शिक्षा योजनेचे पोर्टल) आकड्याशी ताडताना लगेच वर येते. दाखल दिनांक म्हणजे तो वर्गात बसला तो दिवस. विशेष प्रशिक्षण किमान ३ महिने, कमाल २ वर्षे चालते, पण ते प्रवेशानंतरचे आहे. प्रशिक्षण संपल्यावर पटावर घेऊ असे म्हणत थांबवलेली मुले ३० सप्टेंबरच्या पटात येतच नाहीत, मग त्यांना पाठ्यपुस्तकेही मिळत नाहीत.

क्र. ३ च्या मुलींना मात्र तोच रकाना सरसकट 'होय' करू नका. बालगृहात आल्या म्हणून त्या शाळाबाह्य ठरत नाहीत. मागच्या वर्षी त्या कुठल्याही शाळेत जात होत्या का, एवढेच अधीक्षकांना विचारा आणि त्याप्रमाणे भरा.

फायनल करण्याआधी जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि पोर्टल तिन्ही शेजारी ठेवून एकाने नाव वाचावे, दुसऱ्याने खूण करावी. ४०० च्या पटाला दोन माणसांना साधारण अर्धा दिवस लागतो. ज्या नावावर तिन्ही ठिकाणी खूण होत नाही, ते मूल आज कुठे आहे हे कळेपर्यंत बटण दाबू नका.